निम्मे उतरतील

परवा दुपारी लिफ्टमध्ये शिरले तर आत एकजण भला मोठा आरसा धरून उभा. आरसा जवळजवळ त्याच्याच उंचीचा, कडांना पुठ्ठा बांधलेला आणि तोंड नेमकं माझ्याकडे. मी अंग चोरून उभी राहिले, मागोमाग अजून एक गृहस्थ घुसले, दार लागलं आणि समोर बघते तर सगळे डबल. तोंडातून निघूनच गेलं, "फारच गर्दी झाली हो." आरशामागून आवाज आला, "निम्मे चौथ्या मजल्यावर उतरतील."

बस्स, एवढंच. चौथा मजला आला, तो तिरका होत होत आरशासकट उतरला आणि लिफ्ट खरंच मोकळी झाली.

सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं, एका मेलला तीनदा उत्तर लिहून तीनदा खोडलं होतं, आणि या एका वाक्यानंतर संध्याकाळपर्यंत मी मधेच एकटी हसत होते. शेजारच्या टेबलवालीने विचारलं काय झालं, तिला सांगितलं तर तिने "अच्छा" म्हटलं. असल्या गोष्टी सांगितल्या की मरतात.

शिकागोत ट्रेनने रोज ये-जा करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता, २०१४ साली छापून आला. काहीजणांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना गप्प बसा, काहींना रोजच्यासारखं जा. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यात छान गेला, पण दुसऱ्या प्रवाशांना नुसता अंदाज विचारला तर त्यांना वाटलं गप्प बसलेलंच बरं. मीही तेच म्हटलं असतं.

लहानपणी तर मला याची भयंकर लाज वाटायची, बाबांमुळे. बसस्टॉपवर उभे राहिले की पाच मिनिटांत बाजूच्याला विचारणार, "किती वाजले हो?" हातात घड्याळ असायचं! विचारायच्या आधी ते शर्टाची बाही हळूच खाली ओढून घड्याळ झाकायचे, हे मी एकदा बघितलं आणि मग दर वेळी बघत राहिले, की आता ओढतील. समोरचा वेळ सांगायचा, मग बस उशिरा येते, मग पाऊस, मग कुणाची तरी गुडघेदुखी. मी बाबांचा शर्ट मागून खेचत असायचे. बस आली की गुडघा अर्धवट टाकून दोघंही पळत सुटायचे, ना नाव ना गाव.

आता वाटतं बसचं येणंच त्यात महत्त्वाचं असावं. ओळखीच्या माणसाशी बोलताना खरी पंचाईत संपवायची असते. २०२१ च्या एका अभ्यासात, दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपल्या अशा गप्पा जेमतेम दोन टक्के निघाल्या. म्हणजे बाकीच्या वेळी कोणीतरी एकजण मनात "झालं का" म्हणत उभा असतो किंवा दुसऱ्याला अजून बोलायचं असतं. लिफ्टमध्ये ती भानगडच नाही, चौथा मजला येतोच.

म्हणून मी नाव विचारत नाही, सांगतही नाही. नाव आलं की पुढच्या वेळी ओळख दाखवावी लागते, आणि मग तब्येत, मुलं, सगळंच आलं. काही लोक पहिल्याच मिनिटाला "कुठे असता, काय करता" सुरू करतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे कायम एक अर्जंट फोन असतो.

काल स्टॉपवर उभी होते, बाबांची आठवण झाली. फोन पर्सच्या तळाशी ढकलला आणि बाजूच्या मुलीला विचारलं, "किती वाजले गं?" तिने कानातलं काही काढलं नाही, नुसता स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. तीन चाळीस.

थँक्यू म्हटलं. ऐकू गेलं नसणार.