वाळूच्या गोणीचा रविवार

रविवार, रात्री साडेनऊ

तळव्यावर दोन फोड आलेत, पेन धरलं की चुरचुरतंय. आज आमच्या बचाव पथकाचा गडावर सराव होता, जखमी माणसाच्या जागी स्ट्रेचरवर वाळूच्या गोण्या बांधल्या होत्या, साधारण 70 किलो. सहा जणांनी धरायचं, एकाने पुढे राहून वाट शोधायची, उतार तीव्र झाला की दोघांनी मागून दोर धरायचा.

चढताना पोरांना दम लागतो, पण चढतात. खरी कसोटी उतरताना. एक हात ओझ्याला अडकलेला, पाऊल कुठे पडतंय ते नीट दिसत नाही आणि एकाचा पाय घसरला की सहाही जण हेलकावतात. अर्ध्या तासात मांड्या थरथरायला लागतात. म्हणून नव्या पोरांना सांगते, रोज पळा, चांगलंच आहे, पण पाठीवर ओझं घेऊन गड उतरायची सवय करा.

पावसाळा तोंडावर आला की मला इर्शाळवाडी आठवते. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं चढवता येईनात. सगळी भिस्त माणसांच्या पायांवर आणि कुदळ-फावड्यांवर. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह सापडले होते, 57 माणसं बेपत्ताच राहिली. त्या अधिकाऱ्यांचा विचार मनातून जात नाही. लोकांना वाचवायला धावलेला माणूस होता तो.

आज अर्ध्या चढणीवर दादांनी हात वर केला. "माझी बदली करा."

दादा चोपन्नचे. मला पहिली गाठ मारायला त्यांनीच शिकवली. क्षणभर कुणी हललंच नाही, मग मागचा पोरगा पुढे आला. दादा कातळावर बसले, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मी शेजारी बसले. चार मिनिटांनीसुद्धा ठोके 130.

"पूर्वी एवढ्या वेळात खाली यायचे," म्हणाले.

"दादा, उद्या डॉक्टरकडे जाऊया."

"आजच फोन करतो."

मला त्यांचा फार अभिमान वाटला. दम लपवून चालत राहणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांची भीती वाटते. खऱ्या रात्री असा एक जण दरीच्या तोंडावर कोसळला, तर सहा जणांना आधी त्यालाच उचलावं लागतं आणि वर अडकलेला माणूस वाट बघत राहतो.

खाली आल्यावर दादांनी वही मागितली. रिपोर्ट येईपर्यंत स्वतःच्या नावापुढे त्यांनीच लिहिलं: पायथा, वॉकीटॉकी.

स्ट्रेचरची सहावी जागा आता रिकामी आहे. उद्या संध्याकाळी दोन-तीन पोरांना फोन करते. पुढच्या रविवारी गोण्या ओल्या करून नेऊ, म्हणजे वजन वाढेल आणि हातही घसरतील.