आयझेनहॉवर यांना पडलेलं एक मत

राष्ट्राध्यक्षपदावर दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येणार नाही, ही अमेरिकी राज्यघटनेतली 22वी दुरुस्ती 1951 साली लागू झाली. तेव्हापासून 2024 पर्यंत दोन्ही कार्यकाळ पुरे केलेले राष्ट्राध्यक्ष पाचच: आयझेनहॉवर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश आणि ओबामा. निक्सनही दोनदा निवडून आले होते, पण 1974 च्या ऑगस्टमध्ये वॉटरगेटपायी त्यांना पायउतार व्हावं लागलं.

न्यू जर्सीत नेवार्कजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळच्या वर्गाला अमेरिकी शासनव्यवस्था शिकवते. दिवसभर काम करून आलेली ही माणसं. कुणी गोदामातून थेट येतं, कुणी हॉस्पिटलच्या गणवेशातच. 2024 च्या वसंत सत्रात मी त्यांना एक काम दिलं. या पाचांमधला सर्वांत यशस्वी कोण ते ठरवायचं, वर्गासमोर आपली बाजू मांडायची आणि शेवटी गुप्त मतदान.

लोकप्रियतेवर जायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. 11 सप्टेंबरनंतर गॅलपच्या चाचणीत बुश यांच्या कामावर 90 टक्के लोक खूश होते, 2008 च्या ऑक्टोबरमध्ये 25 टक्के उरले. इतिहासकारांच्या क्रमवाऱ्याही पक्क्या नसतात. 1962 च्या पाहणीत आयझेनहॉवर बरेच खाली होते, लोक त्यांना गोल्फ खेळणारा आजोबा समजत. पुढे त्यांच्या बैठकांचे कागद खुले झाले, पडद्यामागे ते किती बारकाईने कारभार हाकत होते ते दिसलं आणि सी-स्पॅन या वाहिनीच्या 2021 च्या पाहणीत ते थेट पाचवे आले. म्हणून मी वर्गाला एकच प्रश्न दिला: सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेल्यावर यांच्या कामातलं काय टिकलं? विरोधकालाही जे मोडता आलं नाही किंवा मोडावंसं वाटलं नाही, ते खरं यश. माझं स्वतःचं मत आजही हेच आहे.

या प्रश्नाने क्लिंटन लवकर बाद झाले. बँकेत काम करणारा एक मुलगा त्यांची बाजू घेऊन उभा राहिला होता. 1998 पासून सलग चार वर्षं शिलकी अंदाजपत्रक, ही गोष्ट त्यानंतर अमेरिकेने पाहिलेली नाही. पण बुश यांची करकपात आणि युद्धं यांत ती शिल्लक बघता बघता संपली. उलट क्लिंटन यांनीच 1996 च्या भाषणात ‘मोठ्या सरकारचं युग संपलं’ असं काँग्रेसपुढे सांगितलं, ते रेगन यांच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीने अचूक उचललं. विरोधी पक्षाच्या तोंडून आपलं म्हणणं वदवून घेणं, याहून मोठं यश कोणतं? तिचा मुद्दा बिनतोड होता. आयकराचा वरचा दर रेगन यांनी 70 वरून 28 टक्क्यांवर आणला, तो पुन्हा 70 च्या जवळपासही गेलेला नाही. देशावरचं कर्ज त्यांच्या काळात जवळजवळ तिप्पट झालं, हेही तिने स्वतःहून सांगितलं.

ओबामांसाठी अर्धा वर्ग उत्सुक होता. 2017 च्या जुलैत सेनेटमध्ये रिपब्लिकन मॅकेन यांनी अंगठा खाली केला, 49 विरुद्ध 51 मतांनी तो मोडण्याचा ठराव पडला आणि ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा वाचला. तो प्रसंग दोघातिघांनी सांगितला. त्यातल्या एकीच्या मुलाला जन्मापासून हृदयविकार, त्यामुळे ती ते मतदान रात्रभर टीव्हीसमोर बसून पाहत होती. तिला आकडेवारीची गरजच नव्हती.

बुश यांच्या बाजूने कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. इराकमध्ये लढून आलेला एक विद्यार्थी वर्गात होता आणि त्याच्यासमोर ते नाव घ्यायला बाकीचे कचरत होते. उभी राहिली ती झांबियातून आलेली नर्स. बुश यांनी 2003 च्या जानेवारीत एड्सविरुद्धच्या योजनेची घोषणा केली, पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर, मुख्यतः आफ्रिकेसाठी. ती तेव्हा लुसाकाच्या एका दवाखान्यात शिकाऊ होती. औषध नसल्यामुळे रुग्णाला घरी पाठवायचं, एवढंच काम त्याआधी होतं, असं ती म्हणाली. मग गोळ्या आल्या. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, झाकणाखाली कापसाचा बोळा, ओलावा शोषणारी छोटी पुडी आणि लेबलवर बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’. ज्यांना उचलून आणावं लागे, ती माणसं काही महिन्यांनी आपल्या पायांनी पुढची बाटली न्यायला यायची. “प्रोफेसर, त्या बाटल्या तुमच्या देशातून यायच्या,” असं ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मला राहवलं नाही. मुंबईच्या सिप्लाने 2001 साली तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा हाच उपचार श्रीमंत देशांत वर्षाला दहा-बारा हजार डॉलरना पडत होता. बुश प्रशासन सुरुवातीला अशा जेनेरिक औषधांबद्दल साशंक होतं. 2004 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मंजुरीची वाट काढली गेली आणि मग त्याच पैशात कितीतरी जास्त माणसांपर्यंत गोळ्या पोहोचल्या. या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले असं अमेरिकी सरकार सांगतं. ओबामा, ट्रम्प, बायडन, तिघांनीही ती चालू ठेवली होती. माझ्या कसोटीवर ती शंभर नंबरी उतरत होती.

इराकमधून आलेला विद्यार्थी तोवर काही बोलला नव्हता. तो बसूनच म्हणाला, “त्याच वर्षी. मार्चमध्ये आम्हाला पाठवलं, मेमध्ये या योजनेच्या कायद्यावर सही केली.” नर्सने मान हलवली. दोघांनीही एकमेकांचं म्हणणं खोडून काढलं नाही आणि मीही मध्ये पडले नाही.

(2025 च्या जानेवारीत परदेशी मदत रोखण्याचा आदेश निघाला आणि दवाखाने बंद पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मला आधी ही नर्स आठवली. बावीस वर्षं टिकलेलं कामही एका आदेशाने डळमळतं, आणि तेही बुश यांच्याच पक्षाच्या माणसाच्या हातून. मी मात्र वर्गाला फक्त विरोधी पक्षाकडे बघायला सांगितलं होतं.)

आयझेनहॉवर यांची बाजू एका ट्रकचालकाने घेतली. इंटरस्टेट 80 हा महामार्ग न्यू जर्सीत टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. हा माणूस तो रस्ता तळहातासारखा ओळखतो. अख्खा नेब्रास्का ओलांडताना एकही सिग्नल लागत नाही, हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. तयारीही चांगली होती. 1919 साली तरुण आयझेनहॉवर लष्कराच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले, चिखलातून आणि मोडक्या पुलांवरून जायला 62 दिवस लागले. पुढे जर्मनीतले महामार्ग त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1956 च्या जूनमध्ये हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. 41,000 मैल रस्ते, 90 टक्के खर्च केंद्राचा. पुढे डेमोक्रॅट केनेडी आले, जॉन्सन आले, रस्ते बांधणं थांबलं नाही.

तो बसल्यावर मागच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. वय सत्तरच्या पुढे. डिग्री अर्धवट राहिलेली, ती पुरी करायला आलेल्या. वर्गात सगळेच त्यांना ‘मॅम’ म्हणायचे, मीसुद्धा. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला आणि हातोहात वर्गात फिरवला. नेवार्कजवळच्या ईस्ट ऑरेंजमधलं तीन मजली लाकडी घर, पायऱ्यांवर बसलेल्या चार मुली, कठड्याला टेकवलेली सायकल. फोटोमागे पेनाने घराचा नंबर लिहिलेला. घर वडिलांचं, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले, त्या भाड्यावर बँकेचा हप्ता जायचा. साठच्या दशकात इंटरस्टेट 280 त्या घरावरून गेला.

“पैसे दिले,” त्या म्हणाल्या. “पण काळ्या माणसाला त्या पैशात दुसरीकडे तसं घर कोण विकणार होतं? वडील त्यानंतर भाड्याच्या घरातच राहिले.” मग ट्रकचालकाकडे बघून, “तुमच्या रस्त्यावर सिग्नल नाहीत, कारण आमचा चौकच उरला नाही.”

ट्रकचालकाला काय बोलावं सुचेना. रस्ता कुठून न्यायचा हे मुख्यतः राज्यांचे महामार्ग विभाग ठरवत, आणि शहरांच्या पोटातून रस्ते नेणं आपल्या मनात नव्हतं असं खुद्द आयझेनहॉवर 1960 मध्ये एका बैठकीत म्हणाल्याची नोंद आहे, हे मी सांगितलं.

“सही कुणाची होती, प्रोफेसर?” मॅमनी विचारलं.

मी म्हटलं, “त्यांचीच.”

मतदान झालं. ओबामा पहिले, रेगन दुसरे. आयझेनहॉवर यांना तीनच मतं पडली. बाकीचे निघून गेल्यावर मॅम मागे थांबल्या आणि त्या तिघांत आपण एक आहोत, असं म्हणाल्या. मी बघतच राहिले.

त्यांच्या आईचं माहेर आर्कान्सात. 1957 च्या सप्टेंबरमध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलांना गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचं सैनिकी दल लावून अडवलं. आयझेनहॉवर यांनी 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि त्यांच्या पहाऱ्यात ती मुलं वर्गात गेली. मी शिक्षिकेच्या सवयीने दुसरी बाजूही काढली. शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 1954 च्या निकालाला या माणसाने कधी उघड पाठिंबा दिला नाही, सैनिक पाठवतानाही कायद्याचा मान राखायला पाठवतोय, एवढंच सांगितलं.

“ठाऊक आहे,” मॅम म्हणाल्या. “मनातून त्याला आम्ही नको असू. पण आईला त्याच्या मनाशी काय करायचं होतं? तिच्या गावाकडे बंदूक घेतलेला गोरा शिपाई पहिल्यांदाच काळ्या मुलीच्या बाजूने उभा होता. ती मरेपर्यंत हे सांगायची. आणि घराबद्दलही मरेपर्यंत बोलायची. मी दोन्ही ऐकत मोठी झाले.”

माझ्या पाचांच्या यादीत आयझेनहॉवर आधीही पहिले होते, आजही आहेत. वीस वर्षांनी सत्ता मिळालेल्या रिपब्लिकन पक्षाचा हा माणूस डेमोक्रॅट रूझवेल्ट यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची योजना, मोडू शकला असता. त्याने तिच्यात कोट्यवधी नवे लोक घेतले. कोरियाचं युद्ध सहा महिन्यांत थांबवलं आणि नंतरच्या साडेसात वर्षांत देशाला दुसऱ्या मोठ्या युद्धात उतरवलं नाही. इराण आणि ग्वाटेमालातली सरकारं उलथवण्याचा डाग त्यांच्या नावावर आहे, तोही पुसला जात नाही. पण पुढच्या सत्रात मतपत्रिकेवर मी नावाखाली आणखी एक ओळ छापली: या यशाची किंमत कुणी मोजली? आयझेनहॉवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिथे इराण लिहिलं. ईस्ट ऑरेंज कुणी लिहिलं नाही, तेव्हा मॅमना फोन करून तो फोटो वर्गात दाखवायला मागितला. त्यांनी फोटो दिला नाही. त्या स्वतः आल्या.