नट जागचा हलला नाही, मग टॉर्क गेला कुठे?

सापडलं! माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांचे नट घाट उतरल्यावर ढिले पडायचे, त्या ढिलाईचं मूळ अखेर हाती लागलं, आणि दोष 7075 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नटांचा नाही.

सेटअप असा: जुनी स्विफ्ट, 4×100 (100 मिमीच्या वर्तुळावर चार नट), एम12×1.25 चे स्टड (चाक धरणारे 12 मिमी जाडीचे आटेदार दांडे), नट रिमला टेकतो तिथे 60 अंशांचा कोन. स्टीलचे सोळा नट काढून अ‍ॅल्युमिनियमचे लावले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर साधारण अर्धा किलो वाचला. दरवेळी 85 न्यूटन-मीटर टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळायचं, ताम्हिणी घाट उतरून माणगावला थांबायचं, चाकं गार झाली की पुन्हा टॉर्क रेंच लावायचा, ठरलेला टॉर्क आला की तो क्लिक वाजतो. मागची चाकं जागच्या जागी क्लिक. पुढची मात्र क्लिक होण्याआधी फेरीचा आठवा हिस्सा सहज फिरायची.

डोकं खाल्लं ते पिवळ्या रेघेनं. आवळून झालं की नटावरून रिमवर मार्करची रेघ ओढतो, ती घाट उतरल्यावरही सलग असायची. नट केसभरही मागे आलेला नाही, तरी ताण गायब.

मग अदलाबदल केली. पुढची चाकं मागे टाकली, ढिलाई त्यांच्याबरोबर मागे गेली. म्हणजे पुढच्या ब्रेकची उष्णता, हब, स्टड सगळे सुटले. त्याच रिमवर मूळ स्टीलचे नट लावले, तेही ढिले. उरली रिम. या जोडीला दिवाळीआधी पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरीचा रंग) करून घेतलं होतं. टॉर्च मारून नटाच्या भोकात पाहिलं तर सीटच्या, म्हणजे नट टेकतो त्या शंकूच्या, बुडाशी चिरडून बाहेर आलेल्या राखाडी रंगाची कड. नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. सीट झाकून घ्या असं बजावूनही कोटिंगवाल्यानं सरसकट फवारलं होतं.

आता हिशोब बघा. कोरड्या आट्यांवर 85 ला स्टडवर अंदाजे 35 किलोन्यूटन ताण येतो. तेवढ्यानं ताणाखालचा 20 मिमी लांबीचा स्टड ताणला जातो जेमतेम 0.04 मिमी. सगळी पकड त्या ताणावर! पावडरचा थर सहज 60 ते 100 मायक्रॉनचा असतो, आणि 60 अंशांच्या शंकूत थर जेवढा दबेल त्याच्या दुप्पट नट आत सरकायला हवा. निम्मा थर दबला तरी पकड संपली.

पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशनं सीट उघड्या केल्या. कटर अजिबात लावला नाही, कारण कोन बिघडला की रिम भंगारात. कालच्या घाटानंतर सोळाही नट जागच्या जागी क्लिक! हा आवाज ऐकायला जीव आसुसला होता.

तरीही रोजच्या गाडीवर हे अ‍ॅल्युमिनियमचे नट राहणार नाहीत. आटे मऊ असल्यामुळे दर काढघालीत थोडे झिजतात, आणि पंक्चरवाल्यानं एकदा इम्पॅक्ट गन लावली की खेळ खलास. शिवाय 7075 ला टी-6 ची (भट्टीत तापवून आणलेली) ताकद देणारी भट्टीच 120 अंशांची. ट्रॅकवर डिस्क तापून हब त्याच्या जवळ जायला लागला तर मला तिथे स्टीलच हवं. नटावर नुसतं 7075 कोरलेलं असतं, मटेरियल सर्टिफिकेट मागितलं की विक्रेते गप्प होतात. असा माल घेऊ नका.

वजन घटवण्याचा पुढचा टप्पा टायटॅनियम स्टडचा ठरला होता. वरचा हिशोब लिहिताना सुचलं की ग्रेड 5 या टायटॅनियमच्या मिश्रधातूची लवचिकता स्टीलच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे तेवढ्याच ताणाला स्टड जास्त ताणला जाईल आणि सीट थोडी दबली तरी पकड टिकेल. मोह होतो. पण टायटॅनियमचे आटे एकमेकांत रुततात. ते टाळायला अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावावं तर घर्षण घटून त्याच 85 ला ताण 47 किलोन्यूटनपर्यंत चढू शकतो. नवा टॉर्क आकडा कुणाच्या भरवशावर ठरवायचा? स्टड रद्द.

वजन वाचवायचंच तर त्यापेक्षा नट केंद्रापासून जेमतेम 50 मिमीवर फिरतो हे बघा. फिरवण्यातला त्याचा अतिरिक्त भार वजनाच्या 3 टक्क्यांच्या आसपास. टायरच्या कडेचं वजन मात्र जवळपास दुप्पट मोजावं लागतं. तेव्हा पैसे आता हलक्या रिम-टायरमध्ये. नट स्टीलचेच, उघड्या तोंडाचे. 14 इंची 4×100, 54.1 मिमी बोअरची (मधल्या भोकाची) फोर्ज्ड (घडीव) रिम कुणी टायरशिवाय काट्यावर ठेवली असेल तर आकडा कळवा.