बर्गन ते शेटलंड: बोट नाही, तरी जायचंच असेल तर

आधी मुद्द्याचं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनहून स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जाणारी प्रवासी बोट आता नाही. पूर्वी उन्हाळ्यात असायची, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. पण जुन्या गाइडबुकांत आणि आमच्या एजंटने दिलेल्या रंगीत कार्यक्रमपत्रिकेत ती अजून सुटते आहे. धक्क्यावर चौकशी केली तेव्हा तिथल्या माणसाने आमच्या कागदावर बोट ठेवून शांतपणे मान हलवली. तेव्हा पहिला सल्ला: हा प्रवास कुणाच्या पॅकेजवर सोडू नका, प्रत्येक टप्पा स्वतः तपासून घ्या.

का जायचं? जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला नॉर्वेवर हल्ला केला आणि जूनपर्यंत देश ताब्यात घेतला. राजा आणि सरकार लंडनला गेलं. मागे उरलेल्यांपैकी ज्याला लढायचं होतं किंवा ज्याच्या मागे गेस्टापो, म्हणजे जर्मनांची गुप्त पोलीस, लागली होती त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: पूर्वेला डोंगर ओलांडून स्वीडन, नाहीतर पश्चिमेला समुद्र. समुद्राची वाट तीन हजारांहून जास्त लोकांनी धरली, त्यातले बरेचसे १९४१ मध्ये. मच्छीमारी बोटी, लहान मोटरहोड्या, काहींनी तर वल्ह्यांची होडी. त्या वाटेची दोन्ही टोकं बघायची म्हणून मी आणि माझा साडू निघालो. दोघेही सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेले, त्यामुळे तब्येत आणि बूट यांवर इथे काही लिहीत नाही. रेनकोट चांगला हवा, छत्री घरी ठेवा.

बर्गन सुंदर आहे, ते सगळेच लिहितात. एवढंच सांगतो की ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरच्या लाकडी इमारतींत थेटा नावाच्या भूमिगत गटाची खोली आहे. इथून तरुण पोरं लपवलेल्या रेडिओवरून लंडनशी बोलत, १९४२ च्या ऑक्टोबरात धाड पडेपर्यंत. खोली इतकी लहान की चार माणसं आत गेली की पाचवा जिन्यात. आठवड्यातले मोजकेच दिवस आणि तेही थोडा वेळ उघडी असते. आधी वेळ बघा.

खरं जायचं ते तेलवोगला. बर्गनच्या पश्चिमेला सोत्रा बेटावर, समुद्राकडे तोंड करून बसलेलं हे गाव. बस बदलून जावं लागतं, रविवारी बस इतक्या कमी की रविवार नकोच. या गावातून माणसं पलीकडे शेटलंडला जात आणि तिकडून पाठवलेले गुप्त एजंट इथे उतरत. २६ एप्रिल १९४२ ला गेस्टापोने इथल्या एका घरावर छापा घातला. घरात शेटलंडहून आलेले दोन एजंट होते. गोळीबारात गेस्टापोचे दोन अधिकारी आणि आर्ने व्हेरूम नावाचा एजंट मेला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी अख्खं गाव पाडलं. घरं जाळली, सुरुंग लावून उडवली, होड्या बुडवल्या, गुरं नेली. नॉर्वेचा जर्मन कारभारी, राइशकमिसार टेरबोवेन, स्वतः बघायला आला होता. गावातले ७२ पुरुष साक्सनहाउझनच्या छळछावणीत पाठवले, त्यांतले ३१ परत आले नाहीत. बायका-मुलं नजरकैदेत. आणि ज्यांचा तेलवोगशी काडीचा संबंध नव्हता असे १८ कैदी गोळ्या घालून मारले. ते उत्तरेकडच्या ओलेसुंड बंदरातून इंग्लंडला निघताना पकडले गेले होते.

आज तिथे छोटं संग्रहालय आहे आणि आजूबाजूला युद्धानंतर बांधलेली साधी घरं. काचेच्या पेटीत जळलेल्या घरांतून सापडलेल्या वस्तू बघत मी एका वितळलेल्या बशीसमोर बराच वेळ अडकलो. संग्रहालय बघून लगेच परतीची बस धरू नका. मागच्या खडकांवर चढा आणि पश्चिमेकडे बघा. इथून शेटलंड तीनशेहून जास्त किलोमीटर आहे.

आता माझी तक्रार. सोत्राच्या बाहेरच्या बाजूने एक खाजगी बोटवाला «पळून जाणाऱ्यांच्या मार्गाने खुल्या समुद्रात» अशी सहल करतो. माणशी २,४०० क्रोनर, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. आम्ही भरले. बोट निघाली, बेटांच्या आतून फिरली, आणि जिथे शेवटचे खडक संपून मोठी लाट यायला लागते तिथे त्याने सुकाणू वळवलं. का, तर म्हणे हवा बरी नाही. हवा बरी नव्हती? ऊन होतं! भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना याहून जास्त पाणी अंगावर उडतं. परतावा मागितला तर «सुरक्षेचा निर्णय» एवढं एकच वाक्य. कागद नीट वाचला तर «खुला समुद्र» हे शब्द जाहिरातीत होते, पावतीवर नव्हते. जाणारच असाल तर तीन गोष्टी लेखी घ्या: शेवटच्या दीपगृहाच्या बाहेर जाणार का, किती वेळ बाहेर राहणार, आणि वळल्यास पैसे परत किती. नाही म्हणाला तर जाऊ नका. मी अजून चिडलेलो आहे, हे खरं आहे.

पण त्या फसव्या सहलीतून एक गोष्ट डोळ्यांनी कळली. बेटं आणि खडक यांचा इथे इतका गुंता आहे की अनोळखी माणूस उजेडातही चुकेल. युद्धात दीपगृहं विझवलेली होती, आतल्या वाटांवर जर्मन गस्त होती, आणि हे लोक अंधारात, दिवा न लावता, बाहेर पडत. त्यात या जुन्या नॉर्वेजियन बोटींची एक-सिलिंडरची इंजिनं टक-टक असा आवाज करतात की खडकांमधून तो लांबवर जातो. १९४१ च्या शरदापासून शत्रूच्या देशात जाण्याचा नुसता प्रयत्न केला तरी मृत्युदंड होता. बोटीचे मालक म्हणूनच बोट चोरीला गेल्याची तक्रार करायचे, फक्त पुरेशी उशिरा.

मग खडकांबाहेर? इथे हिशोब करा. बोटीचा वेग ताशी सात-आठ सागरी मैल. बारा तासांच्या रात्रीत नव्वदेक मैल, म्हणजे अर्धी वाट. उजाडलं की जर्मन विमानं. म्हणून शक्यतो लांब रात्रींत. जूनमध्ये इथे पुरता अंधारच होत नाही. शेटलंडहून एजंट आणि शस्त्रं घेऊन येणाऱ्या बोटींच्या फेऱ्याही उन्हाळ्यात थांबायच्या. म्हणजे आपण मजेत जातो त्याच दिवसांत त्यांना जाणं सगळ्यात धोक्याचं होतं, आणि ते गेले ते ज्या हवेत, त्या हवेत आपल्याला कुणी बोटीवर चढू देणार नाही. १९४१ च्या नोव्हेंबरात ब्लिया नावाची बोट चाळीसहून जास्त माणसं घेऊन निघाली आणि वादळात नाहीशी झाली. जर्मनांच्या गोळ्यांच्या कथा सगळ्यांना पाठ असतात. हवेने किती खाल्ले ते तिथे गेल्यावरच जाणवतं.

पलीकडे जायचे दोन मार्ग. उन्हाळ्यात काही दिवस बर्गनहून शेटलंडच्या संबरोला छोटं विमान असतं, मिळालं तर. नाहीतर स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला उडा आणि तिथून लर्विकची, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावाची, रात्रीची फेरी धरा. आम्ही फेरी धरली, आणि माझं मत असं की विमान असलं तरी एकदा फेरीनेच जा. संध्याकाळी सुटते, सकाळी साडेसातच्या सुमारास पोचते. वाटेतल्या ऑर्कनी बेटांवर थांबणारी असेल तर लवकर सुटते आणि ऑर्कनीपर्यंत बरं असतं. त्यानंतर काय होतं ते ऐका.

पुढे फेअर आइल या छोट्या बेटाच्या आसपास बोट आडवी डोलायला लागली. पुढे संबरो टोकापाशी दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांवर आदळतात, तिथे ती उभीही डोलायला लागली. बारमधले ग्लास आधीच काढून ठेवलेले होते, तेव्हाच समजायला हवं होतं. माझा साडू नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढलेला माणूस. तो कॉरिडॉरच्या गालिच्यावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, «किती राहिलंय तेवढं सांगा, बाकी काही नको.» मी खोटं सांगितलं. ज्याला बोट लागते त्याने गोळी बोट सुटायच्या आधी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. केबिन घ्या, खालच्या मजल्यावरची आणि मधली. खुर्चीवर रात्र काढायचा विचार पैसे वाचवण्यासाठी करू नका. जेवण हलकं, चहा कमी. आणि पहाटे जमलं तर डेकवर जा, कठडा धरून. थंड वारा, काळं पाणी, आणि समोर शेटलंडची दगडी कडा. ते बघितलं आणि मी सगळे पैसे माफ केले. बोटवाल्याचे सोडून.

शेटलंडवर स्कॅलोवेला जा, लर्विकहून दहाएक किलोमीटर, बस आहे. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी नॉर्वेजियन खलाशांचा तळ आधी शेटलंडवरच्याच लुन्नाला, एका घरात केला, पण तिथे बोटी दुरुस्त करायची सोय नव्हती, म्हणून १९४२ मध्ये स्कॅलोवेला हलवला. दुरुस्तीसाठी बोटी ओढून वर घ्यायचा प्रिन्स ओलाव्ह नावाचा उतरता धक्का अजून आहे. या बोटींनी एजंट आणि शस्त्रं नॉर्वेत नेली, निर्वासित परत आणले: १९२ एजंट आणि ३८३ टन शस्त्रं गेली, ३७३ निर्वासित आले. बंदरावरच्या स्मारकात ४४ जणांची नावं आहेत, आणि ज्या दगडांवर ते रचलं आहे त्यांत त्या माणसांच्या गावांचे दगड आहेत. वरती बोटीची प्रतिकृती.

स्कॅलोवेच्या संग्रहालयात लेफ लार्सनचा, म्हणजे या बोटींवरच्या एका नॉर्वेजियन कप्तानाचा, भाग सावकाश बघा. १९४३ च्या मार्चमध्ये त्याची बेर्गहोल्म ही बोट विमानांनी बुडवली. तो आणि त्याचे लोक, काही जखमी, छोट्या होडीतून कित्येक दिवस वल्हवत नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले, आणि लपत-छपत पुन्हा शेटलंडला आले. मग तो परत कामावर. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेकडून तीन जलद लढाऊ बोटी मिळाल्या, हित्रा, विग्रा, हेसा. त्यानंतर तिथून निघालेली एकही बोट बुडाली नाही.

लुन्नाला गाडी असेल तरच जा. रस्ता एका गाडीचा, समोरून कुणी आलं तर बाजूच्या फुगीर जागेत थांबायचं. तळ होता ते घर खाजगी आहे, बाहेरून बघा. स्कॅलोवे बघून झालं असेल आणि वेळ कमी असेल तर वगळलं तरी चालेल.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: नॉर्वेला शेंगेन व्हिसा, शेटलंडला ब्रिटनचा वेगळा. दोन्ही हातात असल्याशिवाय कुठलंही तिकीट काढू नका. नॉर्वेत परत येणार असाल तर शेंगेन अनेकवेळा प्रवेशाचा हवा. आधी नॉर्वे करा, मग शेटलंड. उलट दिशेने गोष्ट लागत नाही. शाकाहाराची अडचण नाही, सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज घ्या. हॉटेलात पोटभर जेवलात तर खिसा रिकामा. नॉर्वेत गाडी उजवीकडून, शेटलंडवर डावीकडून, हे साडूला पहिल्या वळणावर आठवलं.

परतताना संबरोहून उडणार असाल तर एक गंमत: रस्ता विमानतळाची धावपट्टी ओलांडून जातो. विमान येताना फाटक पडतं आणि गाड्या थांबतात. भाड्याची गाडी परत द्यायला निघताना थोडा वेळ जास्त धरा.