बडोद्याहून जावा: बावीस दिवस, चार गावं आणि आपलेच शब्द

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बडोद्याहून मुंबईची गाडी पकडली आणि आषाढी एकादशीला चार दिवस असताना घरी परतलो. मधले सगळे दिवस इंडोनेशियाच्या जावा बेटावर होतो, तेही टूर कंपनी न घेता. आमच्याच वयाचं कुणी जायचं म्हणत असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे एकोणसत्तर वर्षांचे, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी पासष्टची, हंसा मेहता ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्तीनंतर आधी श्रीलंका केली, मग व्हिएतनाम. व्हिएतनाममध्ये आम्ही सोळा दिवसांत नऊ गावं केली. ह्युएला पोचेस्तोवर यांचे गुडघे इतके सुजले की राजवाडा मी एकटीने पाहिला आणि हे खोलीत पाय वर करून पडून राहिले. त्या संध्याकाळी ठरवलं की पुढच्या वेळी गावं कमी आणि मुक्काम मोठे. म्हणून या वेळी जकार्ता दोन रात्री, बांडुंग तीन, सोलो चार आणि योग्यकर्ता अकरा. अकरा रात्री एका गावात काय करणार, असं मुलाने फोनवर विचारलं होतं. अकराही कमी पडल्या.

जावाच का, तर त्याचं कारण बडोद्यातच आहे. आमच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणारी, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. ते खंड मी नोकरीत कितीदा हाताळले असतील. तळटीपांमधले पाठभेद बघताना वाटायचं की ही कथा पोथ्यांमधून एवढी बदलत गेली, तर समुद्र ओलांडून गेली तेव्हा तिचं काय झालं असेल? जावातल्या प्रांबाननच्या देवळांवर ती दगडात कोरलेली आहे, नवव्या शतकातली. ती डोळ्यांनी बघायची होती.

आता प्रवासाचं. बडोद्याहून थेट विमान नाही, म्हणून मुंबई, कुआलालंपूर, जकार्ता असं गेलो. व्हिसा भारतीयांना तिथे उतरल्यावर मिळतो, तीस दिवसांचा, पाच लाख रुपियाला (रुपिया हे तिथलं चलन). हाच व्हिसा ऑनलाइनही काढता येतो आणि तो घरूनच काढून जा. रात्रीच्या विमानानंतर आणखी एका रांगेत उभं राहायची ताकद आपल्यात नसते. आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही निघण्याआधी भरा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. पैशांचा हिशेब सुरुवातीला घाबरवतो, कारण साध्या जेवणाचं बिल पन्नास हजार येतं. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साधारण साडेपाचाने गुणायचं, की आपले रुपये निघतात.

जकार्तातल्या पहिल्या मुक्कामी आमची खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली आणि लिफ्ट नव्हती. चूक माझी, बुकिंग करताना मी विचारलंच नव्हतं. पुढे प्रत्येक ठिकाणी आधी निरोप पाठवून तळमजल्याची खोली मागितली आणि प्रत्येक ठिकाणी मिळाली.

जकार्ता ते बांडुंग या टप्प्यावर व्हूश नावाची हायस्पीड गाडी आहे, २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, ताशी ३५० किलोमीटर. ती बांडुंगच्या मुख्य स्टेशनात येत नाही. पादालारांगला उतरून जोडगाडीने शहरात यावं लागतं, पण ती जोडगाडी त्याच तिकिटात आहे. बांडुंगला १९५५च्या आशिया-आफ्रिका परिषदेचं सभागृह आहे, गेडुंग मेर्देका. एकोणतीस देश तिथे जमले होते, नेहरूही होते. लाकडी खुर्च्यांच्या त्या दालनात हे बराच वेळ बसून राहिले. यांचे वडील त्या परिषदेची कात्रणं जपून ठेवत असत, हे मला लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर तिथे कळलं.

बांडुंग ते योग्यकर्ता मात्र दिवसाच्या साध्या गाडीनेच जा. आम्ही सकाळची आर्गो विलिस घेतली, सहा-साडेसहा तासांचा प्रवास. गाडी डोंगरातून वळणं घेत जाते, खाली भाताच्या पायऱ्या दिसतात. एक्झिक्युटिव्ह वर्गाच्या खुर्च्या गाडीच्या दिशेने फिरवता येतात. चिपोंदेय नावाच्या छोट्या स्टेशनात गाडी थांबली, तसे हे उठून दारात गेले. घाटातल्या या स्टेशनात प्रत्येक गाडी ब्रेक तपासायला थांबते. यांना ते आधीच ठाऊक होतं आणि खाली चाकांशी वाकलेल्या माणसाकडे हे अशा नजरेने बघत होते की मी फोटो काढायचा विसरले. रुळांचं माप तिथे १०६७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटरगेजहून जेमतेम सदुसष्ट जास्त. डभोईच्या छोट्या गाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला अशा अरुंद रुळांवर एवढी वेगवान आणि नेटकी गाडी बघून काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

तिकिटं महिना-दीड महिना आधी ऑनलाइन उघडतात. आमचं कार्ड तिथे चाललं नाही, म्हणून जकार्ताच्या स्टेशनात खिडकीवर जाऊन काढली आणि नशिबाने मिळाली. जूनच्या शेवटी तिथल्या शाळांना सुट्टी लागते आणि गाड्या भरतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मे महिना किंवा सप्टेंबर निवडा. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. ईदच्या आगेमागे तर जाऊच नका, सारा देश गावी निघालेला असतो. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो आणि चढण्याआधी मूळ पासपोर्ट बघतात, त्यामुळे तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

योग्यकर्त्याला सगळे जोग्जा म्हणतात. नाव अयोध्येवरून आलं असं मानतात. बाजारापासून दहा मिनिटांवरच्या गल्लीत एका घरगुती गेस्टहाउसमध्ये आम्ही राहिलो, रात्रीचे चार लाख रुपिया, म्हणजे बावीसशे रुपये, न्याहारीसकट. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतली माणसं ओळखीची झाली. शब्द कळू लागले तेही इथेच. चष्मा म्हणजे काचा माता, यातली काचा ही आपली काच आणि माता म्हणजे डोळा. किल्लीला कुंची. कापसाला कापास. भूमीला बुमी. उपवासाला पुआसा. बायकोला इस्त्री, नवऱ्याला सुआमी. आणि मला सर्वांत भावलेला शब्द ‘कारना’. मराठीत आपण ‘कारण’ म्हणून वाक्य जोडतो, अगदी तसंच तेही जोडतात. संस्कृतातून गेलेले शब्द आहेत हे पुस्तकात वाचलं होतं. पण भाजीवाली बाई दुसऱ्या बाईला काहीतरी समजावत असताना मध्येच ‘कारना’ ऐकू आलं, तेव्हा मी तिथेच थांबून पुढचं वाक्य कळतंय का बघत राहिले.

प्रांबाननला जायला टॅक्सी लागत नाही. योग्यकर्ता ते सोलो विजेची लोकल आहे, कुठेही उतरा, तिकीट आठ हजार रुपिया, म्हणजे पंचेचाळीस रुपयांच्या आत. ब्रम्बानान स्टेशनात उतरून देवळं किलोमीटरभर. दुपारी तीननंतर जा, ऊन उतरतं. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एकाच देवळावर चढायचं ठरवावं आणि ते शंकराचं असावं, ४७ मीटर उंच. त्याच्या चार गाभाऱ्यांपैकी पूर्वेला शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती आणि उत्तरेला महिषासुरमर्दिनी. मी देवीपुढे हात जोडले, तेव्हा शेजारी उभी असलेली हिजाबातली मुलगी हळूच बाजूला सरकली आणि मला जागा करून दिली.

रामायण कठड्याच्या आतल्या अंगाला कोरलेलं आहे. पूर्वेच्या पायऱ्या चढून डावीकडे वळायचं आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचं, म्हणजे कथा क्रमाने उलगडते. उलट चाललात तर काहीच लागत नाही. सुरुवात शेषावरच्या विष्णूपासून. मग मी ज्यासाठी आले होते ते दिसू लागलं. इथला जटायू मरण्याआधी सीतेची अंगठी रामाच्या हाती देतो. तहानलेल्या रामासाठी लक्ष्मण भात्यात पाणी आणतो आणि ते निघतात सुग्रीवाचे अश्रू. सेतू बांधताना समुद्रातले मासे दगड तोंडात धरतात. आमच्या खंडांच्या मूळ पाठात यातलं काही नाही. चुकीचं मात्र मला एकही वाटलं नाही. सेतूपाशी शंकराचं देऊळ संपतं आणि लंकेची कथा पुढे ब्रह्मदेवाच्या देवळावर सुरू होते. तोवर दिवस मावळला आणि पहारेकरी शिट्टी वाजवत आला. दुसरं तिकीट काढून दोन दिवसांनी आम्ही उरलेली कथा पाहायला पुन्हा गेलो. मोठ्या मुक्कामाचा फायदा तो हाच.

बोरोबुदुरच्या भल्यामोठ्या बौद्ध स्तूपाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. माथ्यावर चढायचं तिकीट वेगळं, साडेचार लाख रुपियाच्या घरात, दिवसाला फक्त बाराशे माणसं, ठरलेल्या वेळी आणि गाइडबरोबरच. म्हणून आठवडाभर आधी काढा. दगड झिजू नये म्हणून विणलेल्या चपला देतात, त्या घरी नेता येतात. २,६७२ शिल्पपट्ट आणि ५०४ बुद्धमूर्ती आहेत, पण तासाभरात गाइड खाली आणतो. माझं मन भरलं नाही. पायथ्याच्या आग्नेय कोपऱ्यात, लपवलेल्या तळाचे काही पट्ट उघडे ठेवलेत, कर्मफळांचे. तिथे घाई करणारं कोणी नसतं, तिथे वेळ द्या.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण तोंड उघडून सांगावं लागेल. तेंपे आणि ताहू, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी आणि टोफू, सगळीकडे मिळतात. गादो-गादो ही उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी. फसगत होते ती चटणीत, तिच्यात ‘तरासी’ म्हणजे कोळंबीची कुटून केलेली गोळी असते. आम्ही पहिल्या दिवशी न विचारता खाल्लं आणि वास आल्यावर कळलं. नंतर प्रत्येक ठिकाणी ‘तान्पा तरासी’ म्हणत गेलो. तान्पा म्हणजे शिवाय, वगळून. जोग्जाची खासियत गुदेग, कोवळ्या फणसाची गूळ घालून शिजवलेली भाजी. बघूनच कोकणची आठवण येते, पण बहुतेक ठिकाणी तिच्याबरोबर कोंबडी आणि अंडी शिजतात, म्हणून आम्ही एकाच ओळखीच्या घरी खाल्ली. गुळालाही तिथे गुलाच म्हणतात. बरिंगहार्जो बाजारात क्लपोन मिळतात, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत पातळ गूळ, वरून ओलं खोबरं. पहिली गोळी तोंडात फुटली आणि यांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, “अगं, मोदक.”

सोनोबुदोयो संग्रहालयात रात्री चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ असतो, वायांग. भाषा न कळताही बसा. महाभारत इथे वेगळ्या वाटेने जातं. द्रौपदी फक्त युधिष्ठिराची पत्नी आणि श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, ही अर्जुनाची धनुर्धर बायको. खेळवणारा मुसलमान, वादक मुसलमान, आणि भीम पडद्यावर आला की मागच्या बाकावरची पोरं टाळ्या पिटतात. बडोद्यात मी काही वाईट दिवस पाहिले आहेत. त्या अंधारात बसून मला त्यांची आठवण आली आणि डोळे भरून आले.

आता राहिलेल्या गोष्टी. औषधं पूर्ण दिवसांची न्या आणि बरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, औषधांचे कायदे तिथे कडक आहेत. प्रवासविमा घ्या. रिक्षा-टॅक्सीसाठी ग्रॅब हे ॲप वापरा, भाव आधीच दिसतो. यांना रेल्वेचं संग्रहालय बघायचं होतं, ते अंबारावाला, जोग्जाहून मोटारीने अडीच तास. जुनी इंजिनं ओळीने उभी आहेत. तळ्याकाठची पर्यटक गाडी मात्र आठवड्याच्या शेवटी धावते आणि आम्ही मंगळवारी गेलो. हे आजही हळहळतात, म्हणून शनिवार-रविवार पाहून जा. विमानासकट दोघांचा सगळा खर्च दोन लाख साठ हजार झाला.

परवा दांडिया बाजारातलं एक ओळखीचं जोडपं विचारायला आलं, सप्टेंबरात जायचं म्हणतात. त्यांच्या हातात मी एक चिठ्ठी दिली. वर लिहिलं, ‘तळमजल्याची खोली मागा’. खाली मोठ्या अक्षरात, ‘तान्पा तरासी’. यांनी माझ्या हातून पेन घेऊन त्याखाली आणखी एक ओळ घातली: ‘अंबारावा, शनिवारी’.