डोक्याचं ऑपरेशन, पोटात लेकरू आणि मधात बीपी

आमच्याकडे गरोदर बाईला झटका म्हणजे फिट आली की पहिले बीपी बघतात, लघवीत प्रोटीन बघतात, मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात आणि १०८ मध्ये टाकून मोठ्या दवाखान्यात पाठवतात. बरोबरच आहे ते, कारण बहुतेक वेळा तो एक्लॅम्पशियाच असतो, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारा झटका. पण बीपी नॉर्मल, लघवी क्लीन आणि बाई महिनाभरापासून डोकं ठणकते म्हणून सांगत असेल, तर एमआरआय काढा बापा. एमआरआय गरोदरपणात चालतो, फक्त ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन शक्यतो टाळतात.

अशीच एक पेशंट होती, सातवा लागलेला, मेंदूच्या आवरणाची गाठ म्हणजे मेनिंजिओमा. ही गाठ बहुधा आधीपासूनच असते पण गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे आणि सुजेमुळे ह्याच काळात उसळी मारते. जमलं तर बाळंतपणापर्यंत थांबतात, पण हिची नजर कमी होत चालली होती, मग थांबणार कसं. सासरा बाहेर विचारत होता, "मॅडम, माय वाचीन का लेकरू, एक सांगा ना जी." मी म्हटलं काका असं वाटून देता येत नाही, मायची तब्येत टिकली तरच लेकरू टिकते.

भूल देणाऱ्याची खरी कसरत इथंच आहे. मेंदूत जाणाऱ्या रक्ताचं प्रेशर म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीतलं प्रेशर. गाठीनं कवटीतलं प्रेशर आधीच वाढलेलं, त्यात बीपी पडलं तर मेंदू उपाशी, आणि एकदम चढलं तर सूज नाहीतर रक्तस्राव. चांगला मेंदू आपला रक्तपुरवठा बराचसा स्वतः सांभाळतो, गाठीजवळचा नाही सांभाळत. आणि गर्भाशयाला तर ती सोयच नाही, दिवस भरत आले की तिथं मिनिटाला ६००-७०० मिली रक्त जाते आणि सगळं मायच्या बीपीच्या भरवशावर, कॅनलच्या शेवटच्या वावरासारखं, वर पाणी कमी झालं की इथं कोरडं. म्हणून हाताच्या धमनीत बारीक नळी टाकून प्रत्येक ठोक्याचं बीपी बघत बसायचं आणि ते तिच्या नेहमीच्या आकड्याच्या आसपासच ठेवायचं. पडलं की बीपी चढवायचं औषध, फिनाइलेफ्रिन. उजव्या कमरेखाली उशी, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर येत नाही. आमच्या सिनियर सर्जनला ती उशी आवडत नाही, पण ती निघत नसते.

सगळ्यात धास्ती घशातून श्वासाची नळी टाकताना आणि डोकं हलू नये म्हणून पिनांमध्ये पकडताना, दोन्ही वेळा बीपी उडते. गरोदर बाईचं पोट भरलेलंच समजायचं, पोटातलं फुफ्फुसात जाऊ नये म्हणून नळी पटकन टाकावी लागते, घशाला सूज असते म्हणून नळी बारीक, श्वास थांबला की ऑक्सिजन झरझर खाली, आणि ह्या सगळ्या घाईत बीपी उसळू नये म्हणून फेंटानिल, एस्मोलॉल ही औषधं आधीच हाताशी. पिनांच्या जागी सुन्न करायचं इंजेक्शन.

मेंदू सैल करायला सर्जन म्हणतात व्हेंटिलेटर जोरात चालवा, कार्बन डायऑक्साइड उतरवा. पण गरोदर बाईच्या रक्तात तो मुळातच ३०-३२ मिमी असतो, आपल्या ४०. अजून खाली नेला तर गर्भाशयाचं रक्त कमी होते. मेंदूची सूज उतरवायचं मॅनिटॉल देतो पण बेतानं, लेकराच्या अंगातलं पाणी ओढते ते. आणि आपल्या भागात सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट बघितल्याशिवाय तर मी भूल देतच नाही, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी पडणं, ऑक्सिजन घसरणं, तिघंही त्या पेशंटला घातक.

लेकराच्या ठोक्यांच्या आकड्यात मशीनवर चढउतार दिसला नाही, रेघ सपाट दिसली की नवीन शिकाऊ डॉक्टर घाबरतात. भुलीत तो चढउतार जातोच. मिनिटाचा आकडा ११०च्या खाली घसरून तिथंच राहिला तर मात्र आधी मायचं बीपी, उशी आणि ऑक्सिजन बघा.

गाठ निघाली, संध्याकाळी बाई बोलत होती. जाताना मी सासऱ्याला एकच बजावलं, गाठीचा थोडा भाग शिरेला चिकटून राहिला आहे तर बाळंतपणाला कुठंही गेले तरी ही फाइल सोबत न्या आणि भुलीसाठी पाठीत सुई टोचायच्या आधी तिथल्या भूलवाल्याला दाखवा. कवटीत प्रेशर असताना पाठीतून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी निघालं तर मेंदू खाली सरकू शकतो, आणि सिझरच्या गडबडीत हे कोणी विचारत नाही.