द्रुत लय आणि रेकॉर्डची आतली कड

परवा रात्री सतारीची एक जुनी एलपी लावली. विलंबित म्हणजे संथ लयीतली गत सुरेख वाजली. डग्ग्याचा घुमारा, तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे काठावरचा टणत्कार, सगळं स्वच्छ. मग जलद लयीतली द्रुत गत आली, शेवटचा ‘झाला’ हा वेगवान भाग रंगात आला आणि नेमकी तिथेच चाट बोथट झाली. चिकारीच्या, म्हणजे सतारीच्या साथ देणाऱ्या उंच सुरांच्या तारा एकमेकींत मिसळल्या. सुई साफ होती, रेकॉर्डही फारशी वाजलेली नव्हती.

मी तबला वाजवतो, त्यामुळे कान आधी चाटीकडेच जातो. दोष वादकांचा नाही, खाचेचा आहे. तबकडीचे मिनिटाला ३३ १/३ फेरे कायम असतात. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. बारीक कंपनं दाटीनं बसतात आणि सुईचं टोक त्या वळणांत नीट उतरत नाही. सुट्या गाण्यांच्या एलपीवर शांत गाणं शेवटी ठेवता येतं. रागाचं तसं कसं करणार? आपली लय चढत जाते तशी सुई आत सरकते.

त्यात एक बाजू २५ मिनिटांची असली की कट करणाऱ्या इंजिनिअरला खाचा अगदी जवळजवळ घ्याव्या लागतात. डग्ग्याच्या खर्जाला तर रुंद हेलकावा हवा. मग खर्ज कापा, नाहीतर सगळाच आवाज खाली आणा, म्हणजे तानपुऱ्यामागे खरखर वर येते.

मूळ तबकडी कोरायच्या पद्धतींचाही फरक पडतोच. नेहमीच्या पद्धतीत ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या लॅकरच्या थरात खाच कोरतात आणि हे लॅकर मऊ असतं. तापवलेल्या सुईनं कोरलं तरी खाचेची भिंत किंचित मागे येते आणि शेजारच्या खाचेलाही दाबते. आलापाचा पहिला स्वर लागण्याआधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते, ती बहुतेक वेळा यामुळेच. १९८०च्या दशकात जर्मनीत टेल्डेक आणि नॉयमान या कंपन्यांनी तांब्याच्या थरावर हिऱ्यानं थेट कोरायची पद्धत आणली. तांबं तसं मागे येत नाही. एका मित्राकडे सरोदची एकच मैफल दोन्ही प्रकारे कट केलेली आहे. तांब्यावरच्या प्रतीत चाटीची धार जास्त वेळ टिकते, पण डग्गा मला कोरडा वाटला. मी लॅकरचीच प्रत मागून आणली. अर्ध्या वेगानं कट केलेल्या रेकॉर्डमध्ये वरचे स्वर मोकळे येतात, कारण कोरणाऱ्या सुईला दुप्पट वेळ मिळतो. आतल्या खाचेची लांबी मात्र तेवढीच राहते.

म्हणून शास्त्रीय संगीताच्या जुन्या मैफली आज पुन्हा रेकॉर्डवर काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: १८० ग्रॅमची जाडजूड तबकडी नको, खाचेला जागा द्या. एका बाजूला १८ मिनिटांच्या वर जाऊ नका आणि द्रुत नव्या बाजूच्या बाहेरच्या कडेपासून सुरू करा. राग मध्येच तुटेल, हे मान्य. पण मैफलीतही द्रुत सुरू व्हायच्या आधी तबलजी हातोडी घेऊन तबला मिळवून घेतो. तेवढ्या वेळात मी उठून रेकॉर्ड उलटवीन.